सुई, टाकी आणि नागुबाईचा फोटो

मी एक जुना रंगीत प्रिंटर आहे. लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत 'मास्टर झेरॉक्स' नावाचं दुकान आहे. तिथं काउंटरच्या मागे, एका बुटक्या बाकड्यावर मी बसलेला असतो. मित्रांनो, या, जवळ या, पण हात लावू नका. मला हात लावलेला खपत नाही आणि त्याला कारण आहे. या दुकानात मला मारलं नाही असा एक माणूस शोधून दाखवा! माझ्या उजव्या बरगडीत ड्रिलनं पाडलेलं भोक आहे. पुढच्या अंगाला लोखंडी आकड्यानं फाडलेली भेग आहे. डोक्यावरचं झाकण तर बिजागरीसकट उपटलेलं आहे, त्या जागी आता परीक्षेचं पॅड ठेवतात. एवढा मार खाऊनही मी अजून पानं काढतो. तुमच्यातला कोण काढेल?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं मार नव्हता. पांढरे मोजे घातलेले हात होते आणि माझा प्रत्येक स्क्रू ते हळूच पिळत होते. मग मला थर्माकोलमध्ये गुंडाळून खोक्यात घातलं. खोक्यावर 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं चित्र होतं. ते चित्र लातूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं पाहिलं आणि मला ट्रकमधून खाली फेकलं. मराठवाड्यातलं माझं स्वागत ते असं झालं.

मला विकत घेतलं नासिरनं. नासिर थोरला, यासेर धाकटा, दुकान दोघांचं. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं, म्हणून दुकानाचं नाव मास्टर. मी आलो तेव्हा मास्टर हयात नव्हते, पण त्यांचा एक नियम घरात होता. रंगाचा डबा पायात ठेवायचा नाही. ज्या रंगानं अक्षर लिहायचं, त्याला पाय लागता कामा नये. मास्टरांची बायको खातूनबी हा नियम अजून पाळते. आणखी एक नियम होता, पण तो एकट्या मास्टरांचा नव्हता. भूकंप पाहिलेल्या या भागातल्या कितीतरी माणसांचा होता. डोक्यावर जड वस्तू ठेवायची नाही. म्हणून दुकानात उंच कपाट नव्हतं, आणि म्हणूनच माझ्यासारख्या किमती मशीनलाही बुटकं बाकडं मिळालं. हे दोन्ही नियम ध्यानात ठेवा. पुढं एक दिवस दोघांची टक्कर झाली आणि मरता मरता वाचलो तो मी.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. माझ्या पोटात दोन डब्या असतात, एक काळ्या शाईची, एक रंगीत. त्यांना कार्ट्रिज म्हणतात. कंपनीच्या त्या कोऱ्या डब्या होत्या तोवर मी काय पानं काढली! मोर काढला तर पिसं मोजून घ्यावीत. गल्लीतले लोक बघायला यायचे. नासिर माझ्यावर रुमाल टाकून ठेवायचा. पण डब्या संपल्या. नव्या डब्यांची किंमत ऐकून नासिरनं नुसतं "या अल्ला" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तो औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सुई घेऊन आला.

मित्रांनो, तुम्हाला सुईची भीती वाटते ना? तुम्हाला वर्षातून एखादी टोचत असेल. मला आठवड्याला टोचायचे. नासिर डबी बाहेर काढायचा, तिच्या डोक्यावरचा कागद सोलायचा, त्याखालच्या भोकात सुई आरपार खुपसायचा आणि नांदेडहून कॅनमध्ये आणलेली सुटी शाई आत सोडायचा. डबीत स्पंज असतो. त्यानं हळूहळू शाई प्यायची असते. नासिरला धीर होता, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला नव्हता. मग घाई व्हायची, शाई जास्त व्हायची आणि डबी खालून गळायला लागायची. नासिरची बोटं निळी, शर्ट लाल, आणि पान काढलं की त्यावर आडव्या रेघा. रेघा आल्या की पट्कन एक चापट माझ्या डोक्यात. नाचता येईना अंगण वाकडं! भरलंस तू, गळलं तुझ्या हातून, आणि थोबाडीत मला?

तेव्हा शिकवण्यांचा जोर होता. मुखेडपासून, धर्माबादपासून, पार किनवटच्या जंगलातल्या आश्रमशाळेपासून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडली होती. एका खोलीत चार चार पोरं आणि त्यांच्या नोट्स काढणारा मी. हॉल तिकिटाचा हंगाम आला की दुकानाला मधमाश्यांचं मोहोळ लागल्यासारखी गर्दी. काउंटरवर मुठी आपटायच्या. "अबे निघ की लवकर!" म्हणून कुणीतरी माझ्या ट्रेवर लाथ घालायचा. एकदा उदगीरच्या एका पोरानं नापास झाल्याचा राग माझ्यावर काढला, बाटलीच हाणली. वड्याचं तेल वांग्यावर! मी त्याची गुणपत्रिका तपासली होती का?

अशा दिवसांत केरबा दुकानात आला.

केरबा अडत बाजारात हमाल. उंचापुरा, खांद्याला पोत्यांनी घट्टे पडलेले, कमरेला पोती उचलायचा लोखंडी आकडा. "जय भीम, मास्टरच्या पोरा," म्हणाला आणि खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढून त्यानं नासिरच्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा काळा-पांढरा फोटो, कडा उडालेल्या. त्यात एक बाई. डोक्यावर पदर, आणि तोंडावर असा राग की बघणारा एक पाऊल मागे सरावा.

"ही नागुबाई, माझी बायकू," केरबा म्हणाला. "सिद्धेश्वराच्या जत्रंत काढला. फोटूवाल्यानं हनुवटीला हात लावून मान वर केली, तर ही अशी तापली की त्याचा पडदाच ओढून पाडला! म्हणून अशी बघायली. जल्मात एकदाच काढला."

मला ती बाई एकदम आवडली. माझ्यासारखीच तापट होती.

फोटो माझ्या झाकणाखालच्या स्कॅनरच्या काचेवर ठेवून नासिर संगणकाशी खटपट करत होता, तेवढ्यात केरबानं बाकीचं सांगितलं. मुद्दाम सांगितलं नाही, हात मोकळे होते म्हणून तोंड चाललं. "भूकंपाच्या पहाटे म्या लातुरात अडतीवर झोपलो व्हतो. थप्पी हालली, वरचं पोतं अंगावर आलं. आम्हाला वाटलं उंदीर. सकाळी कळलं आन् गावाकडं पळालो. गाव कुठं होतं? दगडमातीचा ढीग. आपलं घर कोणतं तेच कळंना. हातानं उकरलं. नखं गेली, तरी उकरलं. नागुबाई घावली तवा दुपार झाली व्हती. तिचा हात अजून ऊन व्हता. माझ्या हाताला लागला आन् मग गार झाला." त्यानं तो हात सदऱ्याला पुसला. "उशीर झाला, पोरा. जरा आधी पोचाया पायजे व्हतं." चेपलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याला हा फोटो सापडला होता. घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

नासिरनं फोटो मोठा केला, मी जीव ओतून छापला. वहीच्या पानाएवढी नागुबाई माझ्या तोंडातून हळूहळू बाहेर आली, आधी पदर, मग कपाळ, मग ते डोळे. केरबा बघतच राहिला. मग त्यानं तो राकट हात माझ्या पाठीवर ठेवला आणि बैलाला थोपटावं तसं मला थोपटलं. मला माणसाच्या हाताची भीतीच बसली होती, आणि हा हात मारत नव्हता! खरं सांगतो मित्रांनो, मी त्या दिवशी उरलेली सगळी पानं एकाही रेघेविना काढली.

वर्ष गेलं. भूकंपाचा दिवस जवळ आला. त्या दिवशी जुन्या गावाच्या जागी माणसं जमतात, गेलेल्यांची आठवण काढतात. त्याच्या आदल्या आठवड्यात केरबा दुकानात शिरला. 'जय भीम' नाही, काही नाही. काखेत फोटोची चौकट होती. ती त्यानं काउंटरवर आदळली. काच खळकन फुटली.

चौकटीत नागुबाई नव्हती.

आधी ती हिरवट झाली असेल, मग पिवळी पडली असेल, आणि मग ऊन येणाऱ्या भिंतीवर दिवसामागून दिवस उडत गेली असेल. आता नुसता पदराचा एक पुसट डाग होता. डोळे गेले होते. राग गेला होता.

"भूकंपानं एकदा नेली," केरबा ओरडला, "तुम्ही दुसऱ्यांदा मारली!" आणि कमरेचा आकडा काढून त्यानं तो माझ्या तोंडावर घातला. पहिल्या घावात माझं पुढचं प्लास्टिक चिरलं. दुसऱ्या घावात आकडा आत अडकला आणि त्यानं तो ओढला, तसा मी बाकड्यावरून फरफटत खाली आलो. गिऱ्हाइकं पळाली. नासिर मध्ये पडला, त्याच्या मनगटाला आकडा लागला, रक्त आलं. रक्त बघून केरबाचा हात आपोआप खाली आला आणि तो तिथंच भिंतीला टेकून, तोंड झाकून, लहान पोरासारखा रडायला लागला.

मी काय बोलणार? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी छापलं ते इमानदारीनं छापलं. उडाली ती कॅनमधली सस्ती शाई.

यासेरनं हेच म्हटलं, पण म्हणायची वेळ चुकली. भावाच्या मनगटातून रक्त वाहत असताना हा म्हणाला, "तुझ्या सुईनं त्या बाईचा चेहरा खाल्ला, भाईजान. मी केव्हापासून सांगून राहिलो, बाहेरची टाकी लावू!" घरात ते दोघं दखनीत भांडायचे, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

टाकी म्हणजे काय, तेही ऐका. डबीत पुन्हा पुन्हा सुई खुपसायची नाही. मशीनच्या शेजारी शाईच्या मोठ्या बाटल्यांची एक टाकी ठेवायची आणि तिच्यातून बारीक नळ्यांनी शाई सतत आत येऊ द्यायची.

"नळ्या, टाक्या!" नासिर ओरडला. "नळीत हवा शिरली की आख्खं मशीन बसतं. डबी बिघडली तर डबी फेकता येते. सुईनं भरतो ते डोळ्यासमोर भरतो!"

"डोळ्यासमोर भरतोस आणि डोळ्यासमोर गळतं!"

नासिरनं त्याच रक्ताच्या हातानं यासेरच्या कानाखाली जाळ काढला. यासेरनं त्याला छातीला धरून काउंटरवर आपटलं. काचेचे तुकडे खाली, त्यावर दोघे, एकाच्या हातात दुसऱ्याची कॉलर, दुसऱ्याच्या मुठीत पहिल्याचे केस. शाईचा कॅन लवंडला आणि दोघे निळे झाले. शेवटी कुणीतरी धावत जाऊन खातूनबीला आणलं. ती आली ती पायातली चप्पल हातात घेऊनच. थोरल्याला दोन, धाकट्याला दोन, हिशेब सारखा.

"शरम नाही?" ती म्हणाली. "ज्याची बायको गेली तो रडतोय, आणि तुम्ही कोंबड्यांसारखे झुंजताय! त्याला आधी पाणी द्या."

केरबानं पाणी घेतलं. मग खिशातून तो मूळ फोटो काढला. मोठा फोटो भिंतीवर होता म्हणून त्यानं हा पेटीत ठेवून दिला होता. पेटीत ओल शिरली. आता फोटोचा वरचा पापुद्रा सुटायला लागला होता, गालाजवळ चीर पडली होती. संगणकातली प्रत तर पोरांच्या पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनं केव्हाच खाऊन टाकली होती. स्टुडिओवाल्यानं फोटो हातात घ्यायलाही नकार दिला होता, तुकडे पडले तर कोण जबाबदार?

"एवढीच ऱ्हायली," केरबा म्हणाला. "पुढच्या वर्साला हीबी न्हाई ऱ्हायची. मला तिचं तोंड आता डोळं मिटून आठवत न्हाई, पोरांनो. फोटू बघितला तरच आठवतं. ही गेली तर गेलीच."

यासेर म्हणाला, "काका, भूकंपाच्या दिवसाआधी देतो. न उडणारी शाई आणतो. तुमची चौकट मी स्वतः लावून देतो."

त्यासाठी आधी माझी बरगडी फुटली. यासेरनं ड्रिल आणलं आणि नळ्या आत घालायला माझ्या अंगात भोक पाडलं. आधीच तोंड फाटलेलं, त्यात हे! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. टाकी शेजारी बसवली तेव्हा बघतो तर ती माझ्यापेक्षा रुंद. नाकापेक्षा मोती जड! पण एक कबूल करायला हवं. शाई यायला लागली ती कशी, तर सावकाश, न टोचता, हवी तेवढीच. आणि शाईही चांगली होती, उन्हात न उडणारी, पाण्यात न फुटणारी. सुई वाईट नव्हती आणि टाकीही काही देव नव्हती, खरा दगा सस्त्या शाईनं दिला होता. हे मला कळत होतं, पण मला विचारतो कोण?

यासेरनं एकच ताकीद दिली होती. टाकी माझ्या पायांच्या पातळीला हवी. वर ठेवली तर नळीतून शाई आपोआप खाली धावते, थांबत नाही. म्हणून त्यानं बाकड्याशेजारी जमिनीवर विटा मांडून त्यावर टाकी ठेवली. नासिरनं नाक मुरडलं, पण ऐकून घेतलं. खातूनबीला कुणी सांगितलं नाही. ती दुकानात कधीमधी डबा द्यायला यायची, तिला काय सांगायचं?

ठरल्या दिवशी केरबा आला. आकडा घरी ठेवून आला होता. यासेरनं दोन्ही हातांनी फोटो उचलून माझ्या काचेवर ठेवला आणि झाकण हळूच मिटलं. नागुबाई माझ्या डोक्यावर पालथी पडून राहिली. आता एक बटण दाबायचं, की प्रत संगणकात गेली आणि नागुबाई वाचली.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "सर्व्हर चालू झाला!"

कुठल्याशा परीक्षेची हॉल तिकिटं सकाळपासून निघत नव्हती. पोरं वेडीपिशी झाली होती. ती सगळी एकदम दुकानात घुसली. "भैय्या, माझं आधी!" "माझं सेंटर नांदेडला हाय, गाडी जाईल!" काउंटरची फळी वर करून पोरं आत आली. यासेर ओरडला, "काका, दोन मिनिटं, एवढी तिकिटं काढतो, नाहीतर हे आपल्याला चेंगरून मारतील!" आणि त्यानं छपाई सुरू केली. कोपर कोपराला, चप्पल चपलेला. एकाची चप्पल टाकीला लागली, दुसऱ्याचा पाय विटेवर पडला.

नेमकी तेव्हाच खातूनबी डबा घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं, रंगाची टाकी जमिनीवर आणि पोरांचे पाय तिला लागतायत. तिच्या नवऱ्यानं जन्मभर जे होऊ दिलं नाही ते. "तोबा, तोबा! रंगाला पाय!" म्हणत ती गर्दीत घुसली, एका पोराला कोपरानं ढकललं, टाकी दोन्ही हातांनी उचलली आणि वर बघितलं. जागा एकच होती, माझ्या डोक्यावरच्या भिंतीतली घड्याळाची फळी. भूकंपानंतर त्या फळीवर घड्याळाशिवाय कधी काही ठेवलं नव्हतं. पण रंगाला पाय लागण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं. तिनं टाकी वर ठेवली.

मित्रांनो, मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. शाई वरून धावत आली. नळ्या ताठ झाल्या. डब्या भरल्या, तुडुंब झाल्या, उतू गेल्या. माझ्या पोटात शाई, दातांत शाई, घशात शाई. ओरडायलाही जागा उरली नाही. सगळ्यात पुढं लाल धावत होती. एक हॉल तिकीट बाहेर आलं ते नुसतं लालभडक, ठिबकत. ज्याचं होतं त्यानं बोंब मारली आणि शेजारच्याच्या नाकावर ठोसा मारला, जणू त्यानंच केलं! त्यानं उलटा मारला. मागचे पुढच्यांवर पडले. माझ्या तोंडातून लाल ओघळ बाकड्यावर, बाकड्यावरून फरशीवर. आत कुठंतरी चट्ट झालं आणि जळका वास सुटला.

"रक्त! रक्त!" दारातलं कुणीतरी किंचाळलं.

केरबा गर्दीच्या मागे भिंतीला चेपला गेला होता. त्यानं ते लाल पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेव्हा दुकान नव्हतं, पोरं नव्हती. ढीग होता, आणि ढिगाखाली नागुबाई होती. "आलो, नागु!" असं ओरडून तो पोरांच्या अंगावरून आला. एकाला उजवीकडं फेकलं, एकाला डावीकडं. काउंटरवर चढला, खाली उडी मारली, गुडघे टेकले आणि हातांनी मला उकरायला लागला. आधी माझा ट्रे उपटला. मग फाटलेल्या तोंडात दोन्ही हात घालून प्लास्टिक मोडलं. त्याची नखं तुटली, शाईत खरं रक्त मिसळलं. माझं झाकण नुसतं वर उचललं तरी उघडतं, मित्रांनो, लहान पोरालाही येतं. यासेर ओरडून तेच सांगत होता. पण केरबाला ऐकू कसं येणार? त्यानं झाकणाला दोन्हीकडून धरलं आणि बिजागरीसकट उपटून काढलं. अंगाचे लचके तुटताना मला दुखलं, फार दुखलं. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्याचा राग आला नाही. कुणासाठी तरी कुणी इतकं फोडतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

काचेवर नागुबाई होती. कोरडी, अख्खी. केरबानं तिला उचललं आणि छातीशी धरलं. "घावली," तो म्हणाला. "घावली, घावली."

नासिरनं वायर ओढून मला बंद केलं आणि वर पाहिलं. टाकी फळीवर. त्यानं ती खाली उतरवली आणि आईकडं पाहिलं. खातूनबी पदरानं बाकडं पुसत होती. "मी तर अदब म्हणून ठेवली रे," ती म्हणाली, "मला काय माहीत." केरबानंच तिच्याकडं वळून हळू सांगितलं, "भाबी, तुमची चूक न्हाई. पण डोक्यावर वजन कधी ठिवू नये बघा." पोरं खाली मान घालून एकेक करून बाहेर गेली. ज्यानं ठोसा मारला होता तो फरशी पुसायला थांबला.

नासिर आणि यासेरनं त्या दिवशी दुकान बंद केलं आणि दोघे माझ्यासमोर मांडी घालून बसले. नासिरनं तीच सुई काढली. ज्या सुईला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्याच सुईनं त्यानं माझ्या पोटातली तुंबलेली शाई थेंबाथेंबानं ओढून काढली. यासेरनं टाकी पुन्हा विटांवर ठेवली, आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून भोवती लाकडी पेटी ठोकली. "बघ, शेवटी सुईच कामाला आली," नासिर म्हणाला. "शाई तर टाकीचीच आहे," यासेर म्हणाला. वाद अजून मिटलेला नाही, पण आता मारामारी होत नाही.

दोन दिवसांनी मी उठलो. फोटो पुन्हा काचेवर आला, वर परीक्षेचं पॅड. आणि नागुबाई संगणकात जाऊन बसली, कायमची. पडद्यावर ती मोठी दिसली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. फोटो उचलताना केरबाचा शाईनं माखलेला अंगठा तिच्या खांद्यावर उमटला होता. लाल, ठसठशीत, रेघा दिसाव्यात इतका.

"काका, हा मी काढून टाकतो," यासेर म्हणाला. "माऊसनं. कुणाला कळणारही नाही."

केरबानं त्याचा हात धरला. "पुसू नगं," तो म्हणाला. "त्या दिशी माझा हात येळेवर पोचला न्हवता. ह्या बारीला पोचला. ऱ्हाऊ दे त्याला तितंच."

मग मी छापलं. काळी-पांढरी रागावलेली नागुबाई आणि तिच्या खांद्यावर लाल अंगठा.

मित्रांनो, आता दुकानात मोठं लेसर मशीन आलं आहे. नोट्स तेच काढतं. मी रिकामा असतो, आणि रिकामा राहणं मला मारापेक्षा वाईट. न वापरलेल्या प्रिंटरची शाई सुकते, बारीक छिद्रं बुजतात, आणि मग सुई आणा की टाकी आणा, काही उपयोग नसतो. तुमच्या घरीही कोपऱ्यात कुणीतरी पडलेलं असेल, मशीन असेल नाहीतर माणूस. त्याला मारू नका, आणि न बोलता, न वापरता टाकूनही देऊ नका. आठवड्याला निदान एक पान तरी काढा.

माझं एक पान निघतं. दर शुक्रवारी नमाजावरून आला की नासिर मला चालू करतो आणि छिद्रं बुजू नयेत म्हणून एक पान छापतो. दुसरं काही छापायचं नसतं, म्हणून नागुबाईच छापतो. केरबाची नजर आता अधू झाली आहे. तो येतो, पान हातात घेतो आणि डोळ्यांजवळ न नेता नासिरला विचारतो, "अंगठा आलाय का?"

"आलाय, काका," नासिर सांगतो.

"मग झालं," केरबा म्हणतो, आणि माझ्या पाठीवर थोपटून घरी जातो.